आधी उदाहरण, मग जोडी, मग फळा, शेवटी रीत : गणिताच्या तासाचा क्रम चुकू नये म्हणून

"गट करून पाहिले बाई, काही उपयोग नाही. मुलं गप्पा मारतात आणि एकजण सगळं सोडवतो." शिक्षकांच्या बैठकीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता लगेच एकच प्रश्न विचारते : रीत आधी शिकवली होती का? उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. फळ्यावर रीत झाली, दोन नमुना उदाहरणं झाली, मग सहा-सहाचे गट बसले आणि त्याच रीतीचं तिसरं उदाहरण दिलं गेलं. अशा उदाहरणात बोलण्यासारखं काही उरतच नाही. ज्याला रीत आठवते तो लिहितो, बाकीचे उतरवतात.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत सातवीला गणित शिकवते. वर्गात ४८ मुलं आहेत. पाचवी ते आठवीच्या कुठल्याही घटकाला चालेल असा क्रम इथे देते आहे. समजायला सोपं जावं म्हणून सातवीच्या समप्रमाण-व्यस्तप्रमाणाचं एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेते.

## टप्पा १ : एकच उदाहरण निवडा

तासाला चार उदाहरणं नकोत, एक पुरे. त्याच्यात तीन गोष्टी हव्यात. गोष्ट मुलाच्या ओळखीची हवी. ते निदान दोन-तीन वाटांनी सुटायला हवं. आणि आज जी रीत शिकवायची आहे ती माहीत नसतानाही, नुसत्या गुणाकार-भागाकारावर, मुलाला त्यात हात घालता यायला हवा.

माझं उदाहरण असं :

"एका घरात ५ माणसं आहेत. ५० किलो ज्वारीचा कट्टा त्यांना ४० दिवस पुरतो. नवा कट्टा फोडल्यावर ८ दिवस झाले आणि पुण्याहून आत्या तिच्या दोन मुलांना घेऊन सुट्टीला आली. ते तिघं तिथंच राहिले. कट्टा फोडल्यापासून ज्वारी एकूण किती दिवस पुरेल?"

आकडे असेच आले असं समजू नका. ५० किलो, ५ माणसं, ४० दिवस म्हणजे माणशी रोज पाव किलो ज्वारी येते. भाकरी खाणाऱ्या घरातल्या मुलाला हे पटतं. उत्तरात माणशी दोन किलो आलं असतं तर मुलांनी गोष्टीवरचा विश्वास सोडला असता आणि नुसते आकडे जुळवले असते.

'सगळे सारखंच खातात असं माना' हे वाक्य मी मुद्दाम गाळते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "बाई, आत्याची पोरं लहान असली तर? ती अर्धीच भाकरी खातील." हा प्रश्न आला की तास लागला म्हणून समजा. तो फळ्याच्या कोपऱ्यात 'आपण धरून चाललो' या मथळ्याखाली लिहून ठेवा.

सावधान : मुलांच्या घरची मजुरी उदाहरणात आणू नका. आमच्याकडे कित्येक मुलांच्या आया विड्या वळतात, वडील मागावर जातात. 'हजार विड्यांना इतके रुपये' हे गणित म्हणून झकास बसतं, पण त्यात घरची कमाई चारचौघांत उघडी पडते. धान्य, पाणी, एसटीचं वेळापत्रक, चादरीची लांबी-रुंदी हे विषय भरपूर आहेत.

## टप्पा २ : चुकीची उत्तरं आधी स्वतः काढा

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही. आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं काढा. उदाहरण तुम्हाला सुचतील तितक्या रीतींनी सोडवा, मग मुलं कुठे घसरतील त्याची यादी करा.

बरोबर उत्तर २८ दिवस. ८ दिवसांत ५ माणसांनी रोज सव्वा किलोप्रमाणे १० किलो संपवले, ४० किलो उरले. आता ८ माणसांना रोज २ किलो लागतात, म्हणून ते आणखी २० दिवस जातील. ८ आणि २० मिळून २८.

चुकीची उत्तरं साधारण ही येतात :

- ६४ : ५ ला ४०, तर ८ ला ६४. त्रैराशिक आंधळेपणाने मांडलं. खाणारी तोंडं वाढली आणि दिवसही वाढले!
- ३७ : ४० मधून ३ वजा. दिवसांतून माणसं वजा केली.
- २५ : ५ माणसं गुणिले ४० दिवस म्हणजे २००, भागिले ८. पहिले ८ दिवस विसरले.
- १७ : २५ मधून ८ वजा. हे हुशार मुलांकडून येतं.
- २० : सगळं बरोबर, फक्त आधीचे ८ दिवस मिळवायचे राहिले.

आता प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर लिहा : 'हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं?' आत्या पहिल्याच दिवशी आली असती तर २५ बरोबर होतं. 'आत्या आल्यावर किती दिवस पुरेल' असं विचारलं असतं तर २० बरोबर होतं. गंमत म्हणजे ३७ सुद्धा एका प्रश्नाचं उत्तर आहे. आत्या ३२ दिवसांनी आली असती तर १० किलो उरले असते, ते ८ जणांना ५ दिवस गेले असते, एकूण ३७. ही यादी हातात असली की वर्गात 'चूक' हा शब्द फारसा वापरावा लागत नाही.

तपासा : तुमची यादी दोनच ओळींची झाली असेल तर उदाहरण फार सोपं आहे. बदला.

## टप्पा ३ : जोड्या लावा, पण वार्षिक गुणांवरून नाही

घटक सुरू होण्याआधी पाच छोट्या प्रश्नांची चिठ्ठी द्या. पंधरा मिनिटं, गुण नाहीत. समप्रमाणासाठी माझे प्रश्न गुणाकार, भागाकार, 'एका वहीचे इतके तर सातांचे किती' अशा धर्तीचे असतात. चिठ्ठ्या बघून चार ढीग करा : सगळ्यात जास्त जमलेल्यांचा पहिला, सगळ्यात कमी जमलेल्यांचा चौथा. ४८ मुलांचे बारा-बाराचे चार ढीग होतात.

पहिल्या ढिगातलं मूल तिसऱ्यातल्यासोबत, दुसऱ्यातलं चौथ्यातल्यासोबत बसवा. पहिल्याची गाठ चौथ्याशी घालू नका. अंतर एवढं पडलं की एकजण मास्तर होतो आणि दुसरा श्रोता. दोघांचाही तास वाया जातो. मग दोन जोड्यांची एक चौकडी. चौघांहून मोठा गट करू नका. पहिल्या वर्षी मी सहाचे गट केले होते. एका गटाची वही इतकी सुरेख यायची की मी ती सगळ्यांना दाखवायचे. चाचणीत कळलं, सगळं एकच मुलगी लिहीत होती आणि पाचजण तिला पट्टी-रबर पुरवत होते. तो दोष मुलांचा नव्हता, बसवण्याचा होता.

जोडीदार गैरहजर असेल तर शेजारच्या जोडीत तिसरा म्हणून बसवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत हजेरी उतरते, त्या आठवड्यात नव्या जोड्या लावण्याच्या फंदात पडू नका.

सावधान : कोणतं मूल कोणत्या ढिगातलं हे वहीत, फळ्यावर, बोलण्यात कुठेही येऊ देऊ नका. 'हुशार सोबती' आणि 'कच्चा सोबती' अशी नावं पडली की ती वर्षभर पुसली जात नाहीत.

## टप्पा ४ : सोबत्याचे तीन नियम शिकवा

'एकमेकांना मदत करा' एवढं सांगून मदत होत नाही. मदत कशी करायची हेही शिकवावं लागतं, त्यासाठी एक वेगळा तास द्या. तीनच नियम :

१. दुसऱ्याच्या वहीवर आपली पेन्सिल टेकवायची नाही.
२. उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा.
३. समजलं असं म्हणणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं.

दुसरा नियम सर्वांत अवघड. मुलांना प्रश्न सुचत नाहीत, म्हणून चार प्रश्न एका पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येक बाकावर ठेवा : 'काय माहीत आहे?' 'काय काढायचंय?' 'हे का केलंस?' 'ताळा कसा करशील?' एका मुलाला पुढे बोलवा, तुम्ही स्वतः अडलेलं मूल व्हा आणि त्याला तुम्हाला मदत करू द्या. तो हमखास उत्तर सांगून टाकेल. मग वर्गालाच विचारा, कोणता नियम मोडला?

आमच्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. जोडीत ती घरच्या भाषेत बोलली तर बोलू द्या, विचार त्याच भाषेत भराभर चालतो. फक्त आकडा बोलला की लिहायचाही, अशी सवय लावा. मराठीत आपण 'एकोणतीस' म्हणतो, म्हणजे तिसाला एक उणा. तेलुगूत तोच आकडा 'इरवै तोम्मिदि' आणि कन्नडमध्ये 'इप्पत्तोंबत्तु', म्हणजे आधी वीस, मग नऊ. 'सत्तेचाळीस' ऐकून ७४ लिहिणाऱ्या मुलाचं गणित कच्चं असेलच असं नाही, आपले अंक उलटे ऐकू येतात एवढंच.

## टप्पा ५ : उदाहरण द्या आणि गप्प बसा

जोडतासिका मागून घ्या, ७० मिनिटं. पहिली ५ मिनिटं वाचनाची. उदाहरण दोन मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, मग वह्या बंद करून तिसऱ्याला गोष्ट सांगायला लावा. आकडे विसरला तरी चालेल. कोण आलं, कधी आलं, काय विचारलंय, एवढं आलं पाहिजे.

पुढची ८ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने काम करायचं. बोलायचं नाही. ही आठ मिनिटं वाचवू नका. ज्याने स्वतः काहीच मांडलेलं नाही त्याच्याकडे जोडीत बोलायलाही काही नसतं, तो फक्त मान डोलावतो. उत्तर यायलाच हवं असं नाही. चित्र, रोजच्या ज्वारीचा तक्ता, अर्धवट भागाकार, काहीही चालेल. कोरं पान मात्र चालणार नाही. अगदीच अडलेल्याला म्हणा, "पहिल्या दिवशी किती ज्वारी गेली तेवढंच काढ."

पाढे येत नसलेल्या मुलाला पाढ्यांचा तक्ता देऊन टाका. पाढे पाठ व्हायलाच हवेत, त्यासाठी रोजची पाच मिनिटं वेगळी ठेवा. आज आपण विचार करायला शिकतोय आणि त्याची गाडी आठाच्या पाढ्यावर अडकू नये.

इथे आपणच चुकतो : तिसऱ्या मिनिटाला वर्ग गोंधळलेला दिसतो, आपला जीव राहत नाही आणि आपण 'बघा, एका माणसाला किती लागतं ते काढा' असं सांगून मोकळे होतो. त्या एका वाक्यात एकमान पद्धत देऊन टाकली. उदाहरण संपलं, उरली ती आकडेमोड. हात मागे बांधून फिरा.

## टप्पा ६ : जोडी १० मिनिटं, चौकडी १० मिनिटं

जोडीत आधी तिसऱ्या-चौथ्या ढिगातल्या मुलाने आपलं काम सांगायचं, मग दुसऱ्याने. ढीग त्यांना माहीत नाहीत, म्हणून 'खिडकीकडे बसलेला आधी बोलेल' असं सांगा आणि बसवतानाच ती सोय करून ठेवा. चौकडीत दोन्ही जोड्यांनी उत्तरं समोर ठेवायची. उत्तरं वेगळी आली तर मतदान नाही. ताळा करायचा. २८ म्हणणाऱ्यांनी दाखवायचं की १० किलो आणि ४० किलो मिळून कट्टा बरोबर संपतो. ६४ म्हणणाऱ्यांनी हेच करून पाहिलं की ते आपणहून थांबतात.

तुमचं काम आता वही घेऊन फिरण्याचं. कोणत्या मुलाने कोणती वाट धरली ते टिपा. मदत मागितली तर विचारा, "सोबत्याला विचारलंस का?" चौघंही अडले असतील तरच बोला, आणि तेही प्रश्नाच्या रूपात.

लवकर झालेल्यांना दुसऱ्या प्रकरणाचं उदाहरण देऊ नका, याच उदाहरणात खोल उतरू द्या : 'आत्या किती दिवसांनी आली असती तर ज्वारी बरोबर ३४ दिवस पुरली असती?' उत्तर २४ येतं. मग तक्ता करायला सांगा. आत्या ०, ८, १६, २४, ३२, ४० दिवसांनी आली तर ज्वारी २५, २८, ३१, ३४, ३७, ४० दिवस पुरते. आठ दिवस उशीर झाला की तीनच दिवस का वाढतात? या प्रश्नावर माझ्या वर्गातली सर्वांत चुणचुणीत चौकडीही पंधरा मिनिटं डोकं धरून बसते. (एका माणसाचं एका दिवसाचं जेवण म्हणजे एक जेवणदिवस. तीन पाहुणे आठ दिवस जेवले नाहीत म्हणजे २४ जेवणदिवस वाचले, ते आठ जणांत वाटले की तीन दिवस.) १७ हे उत्तर का चुकतं, तेही इथेच उलगडतं : २५ हा हिशेब आत्या पहिल्या दिवसापासून जेवली असं धरून आहे, म्हणून वाचलेले तीन दिवस त्यात नाहीत. १७ आणि ३ मिळून २०.

## टप्पा ७ : फळा, २० मिनिटं, ठरवलेल्या क्रमाने

'कुणाला सांगायचंय?' असं विचारू नका. तेच चार हात वर येतात आणि सर्वांत चकचकीत रीत आधी फळ्यावर जाते. मग बाकीच्यांना आपलं काम दाखवावंसं वाटत नाही.

फळ्याचे चार उभे भाग करा. शेवटपर्यंत काहीही पुसू नका. क्रम असा :

पहिला भाग : रोजची ज्वारी मांडणारा तक्ता किंवा चित्र. लांबलचक असतं, पण वर्गातल्या प्रत्येकाला कळतं. हे शक्यतो अशा मुलाकडून येऊ द्या जे एरवी फळ्याजवळ जात नाही. त्याला आधी कानात विचारून ठेवा.

दुसरा भाग : किलोची रीत. सव्वा किलो, १० किलो, ४० किलो, २ किलो, २० दिवस.

तिसरा भाग : किलोला हातच न लावणारी रीत. ५ माणसं ४० दिवस म्हणजे २०० जेवणदिवस. त्यातले ४० गेले, १६० उरले, भागिले ८. इथे वर्गाला विचारा, "यांनी ५० किलो वापरलेच नाहीत, तरी उत्तर तेच कसं?" थांबा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते, मुलांना ती लागते.

चौथा भाग : २५ आणि ३७. कुणाचं आहे ते सांगायचं नाही. 'हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं?' एवढंच विचारायचं आणि त्यावर चौकडीत दोन मिनिटं द्यायची.

तपासा : पहिल्या भागातले सव्वा किलो तिसऱ्या भागात कुठे लपले आहेत ते एखाद्या मुलाने बोटाने दाखवलं का? नसेल तर फळ्यावर तीन वेगवेगळी उत्तरपत्रं लागली आहेत, चर्चा झालेली नाही.

एकच तासिका मिळत असेल तर चौकडीनंतर थांबा, वह्या घरी न्या आणि फळा दुसऱ्या दिवशी घ्या. मला तर हेच जास्त आवडतं. रात्री निवांत वह्या चाळता येतात आणि कुणाला कधी बोलवायचं ते नीट ठरतं.

## टप्पा ८ : आता रीत सांगा, १० मिनिटं

काहीजणांना वाटतं की या पद्धतीत शिक्षकाने काही सांगायचंच नसतं. तसं नाही. इतका वेळ थांबलो ते याच दहा मिनिटांसाठी. फळ्यावरच्या तिसऱ्या भागाकडे बोट दाखवा : धान्य तेवढंच असेल तर माणसं गुणिले दिवस हा गुणाकार कायम राहतो. एक वाढलं की दुसरं त्याच पटीत कमी होतं. याला व्यस्त प्रमाण म्हणायचं. व्याख्या वहीत लिहून घ्या, पुस्तकातल्या शब्दांत, कारण परीक्षेत तीच लागते. सोबत समप्रमाणाचं एक वाक्य शेजारी लिहा (माणसं वाढली की रोजची ज्वारी वाढते), म्हणजे ६४ कुठून आले होते तेही दिसतं.

पुस्तकातली सरावाची चार उदाहरणं घरी एकट्याने सोडवायची. सराव सोडू नका.

## टप्पा ९ : जाताना चिठ्ठी, ७ मिनिटं

जोडीने सोडवलं म्हणजे प्रत्येकाला आलं असं होत नाही. म्हणून शेवटी एकेकट्याने सोडवायची चिठ्ठी, गोष्ट वेगळी, हाडं तीच :

"नळाला पाणी आलं, टाकी भरली. ६ माणसांना ती ५ दिवस पुरते. एक दिवस झाल्यावर २ पाहुणे आले. टाकी एकूण किती दिवस पुरेल?"

सोलापूरकर मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. उत्तर ४ दिवस. ३ लिहिणारा पहिला दिवस मिळवायला विसरला, पावणेचार लिहिणाऱ्याने पाहुणे पहिल्यापासून धरले, ६ किंवा त्याहून जास्त लिहिणारा अजून समप्रमाणातच आहे.

चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा : जमलं, एक पायरी राहिली, अजून नाही. गुण देऊ नका. तिसऱ्या ढिगातल्या मुलांना दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः दहा मिनिटं घेऊन बसा, सोबत्यावर सोपवू नका. सोबती आधार देतो, शिकवण्याची जबाबदारी आपलीच. मधल्या ढिगातल्यांना त्यांच्याच चिठ्ठीवर 'हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं?' असं लिहून परत द्या.

## पहिल्या महिन्यात काय बिघडतं

आठवड्यातून असा एकच तास घ्या. रोज घेतला तर तयारी अपुरी पडते आणि दोन आठवड्यांत आपणच सोडून देतो. बाकीचे तास नेहमीसारखे.

आवाज होणार. शेजारच्या वर्गाला आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. गप्पा आणि चर्चा यातला फरक ओळखायचा असेल तर चौकडीजवळ जाऊन वहीत शेवटचं काय लिहिलं ते पाहा. पाच मिनिटांत एकही नवी ओळ नसेल तर त्या गप्पा आहेत.

पालक विचारतात, "माझी मुलगी दुसऱ्याला शिकवत बसते, तिचं नुकसान नाही का?" त्यांना एक दिवस वर्गात मागे बसवा. आपली मुलगी 'हे का केलंस?' या प्रश्नाला उत्तर शोधताना स्वतःच कशी अडखळते आणि मग कशी सावरते, ते त्यांना दिसतं.

तीन आठवड्यांनी जोड्या बदला. बदलण्याआधी प्रत्येकाकडून एका ओळीची चिठ्ठी घ्या : 'माझ्या सोबत्याने मला विचारलेला एक चांगला प्रश्न.' ज्यांना काहीच आठवत नाही त्या जोड्यांत पेन्सिल कुणाच्या हातात होती, ते पुढच्या वेळी जवळ उभं राहून पाहा.